ऑर्गनच्या पोटातला वास

गीताची पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सलोमीबाईंचा उजवा हात पट्ट्यांवरून उचलला गेला, पदराचं टोक तोंडाशी गेलं आणि खोकला सुरू झाला. डावा हात तेवढा त्यांनी खाली तसाच ठेवला होता. त्या रिकाम्या चर्चमध्ये ऑर्गनचा एकच सूर आणि बाईंचा खोकला, एवढंच काय ते ऐकू येत होतं.

मी बटण बंद केलं. बाईंनी पिशवीतला दम्याचा पंप काढला, ओढला, डोळे मिटून थोडा वेळ बसल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दस्तगीर, वास गेलेला नाही."

"बाई, काल सांजच्याला गेला होता की. तुम्हीच नाक लावून बघितलासा."

"काल गेला होता. आज पुन्हा आलाय."

दारात भोरेसाहेब उभे होते. ते चर्चच्या पंचमंडळाचे सेक्रेटरी. रोज सकाळी चपला पायरीवर काढून, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन ते यायचे आणि खिडक्या उघडायचे. माणूस तसा सरळ, पण बोलणं कायम नोटीस वाचून दाखवल्यासारखं.

"बाई, मागच्या रविवारी तुम्ही दुसऱ्या गीताला बाकावरून घसरलात. मी शेजारी नसतो तर डोकं आपटलं असतं. मिरजेच्या एका मुलाशी मी बोललोय. तो स्वतःचा कीबोर्ड घेऊन येतो. इथून पुढं तो वाजवील. तुम्ही पुढच्या बाकावर बसून ऐका. आता विश्रांती घ्यायचं वय आहे."

"या रविवारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

"थांबतो. पण तोपर्यंत दस्तगीरला जमलं नाही तर हा विषय संपला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे, जमतंय का?"

"जमतंय की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ऑर्गन मीच आणला होता.

ते गेल्यावर बाई पट्ट्यांवर हात ठेवून बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गळा गेला, दम गेला. सगळे गातात तेव्हा मी नुसते ओठ हलवते, तुला ठाऊक आहे? माझं म्हणून देवाच्या कानावर जे काही जातं ते आता या बोटांतूनच. पुढच्या बाकावर बसून मी काय करू?"

 मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागचं फळकं पुन्हा उघडायला बसलो.

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा गावोगावचे ऑर्केस्ट्रे बंद पडत चालले होते आणि त्यांचं सामान माझ्या दुकानात येऊन पडत होतं. कीबोर्ड, रिदम बॉक्स, अँप, कोंदट गोदामात गोणपाटाखाली वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं. आवाज दुरुस्त करणारे पुष्कळ होते. वास दुरुस्त करणारा पंचक्रोशीत मी एकटा. वाजवायच्या पट्ट्यांखालच्या जाड लोकरी बनातीच्या पट्ट्या आणि स्पंज आधी काढून टाकायचे, कारण वास तिथंच मुरतो. मग बोर्डावरून स्पिरिटचा ब्रश, लाकडाला आतून व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं फडकं, त्यानंतर पंख्याचा वारा, आणि शेवटी कोळशाच्या पुरचुंड्या आत ठेवून सगळं बंद. लोक मला वासवाला म्हणायचे आणि मला ते आवडायचं. माझं नाक म्हणजे मशीन आहे, असं मी चारचौघांत सांगत असे.

बाई आमच्या मिशनच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. नाताळच्या गाण्यांच्या तालमीला आम्हा पोरांना शाळेतून या चर्चमध्ये आणायच्या. मध्ये मोठा रस्ता, उसाचे ट्रक, त्यामुळं प्रत्येकानं पुढच्याचा शर्ट मागून धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही, असा त्यांचा नियम. मी सगळ्यांत बुटका, त्यामुळं कायम शेवटी. माझा शर्ट धरायला मागं कोणी नसायचं, याचं मला फार वाईट वाटायचं. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून माझं डोकं पार पलीकडं पोचेपर्यंत बघत राहायच्या.

त्याच बाईंचे गुडघे आता गेले होते. चर्चमधल्या जुन्या पायपेटीचा भाता फाटला होता, आणि फाटला नसता तरी तो हाणायची ताकद त्यांच्या पायांत उरली नव्हती. म्हणून मी पुण्यात एका बंगल्याच्या तळमजल्यावरून हा विजेवरचा ऑर्गन शोधून आणला. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली खर्जासाठी लाकडी पायपट्ट्या, उजव्या पायाशी आवाज लहानमोठा करायचं पेडल. नुसता पाय टेकवला की खर्ज बोलायचा. त्याचा स्पीकर खालच्या बंद पेटीत होता. पेटीला पायपट्ट्यांच्या मागं हवेसाठी मुठीएवढं गोल भोक, बाकी चारी बाजूंनी फळ्या चिकटवून टाकलेल्या. पहिल्यांदा वाजवला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि बाई लहान मुलीसारख्या हसल्या. मग वास आला, आणि त्यांची छाती घरघरायला लागली.

बुरशीचा वास होता. तो घालवणं मला अवघड नव्हतं. पंधरवडाभर मी दुकान सोडून चर्चमध्येच बसत होतो. बाईंच्या छातीला सोसणार नाही म्हणून कापूर लावला नाही. तांबड्या बनातीच्या जुन्या पट्ट्या उपटून एका कोपऱ्यात टाकल्या आणि नवी बनात लावली. सगळं माझ्या रीतीनं झालं. वास जायचा. संध्याकाळी अगदी स्वच्छ. रात्रभर चर्च बंद, आणि सकाळी बघावं तर पुन्हा हजर.

त्या मुदतीच्या आठवड्यात, बुधवारी, बाई मला म्हणाल्या, "हा तो नव्हे."

"काय तो नव्हे?"

"आधीचा वास ओल्या भिंतीसारखा होता. तो तू घालवलास. हा दुसरा आहे. जरा उग्र. जिवंत."

"वास जिवंत कसा असंल, बाई?"

"ते मला काय विचारतोस? वासवाला तू."

मी हसण्यावारी नेलं. दिवसभर स्पिरिट आणि व्हिनेगर नाकात गेल्यावर माझ्या मशीनचं काय झालं होतं ते मला कुठं ठाऊक होतं. मला सगळ्याचाच एक वास यायचा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दारापासूनच डोळे चुरचुरायला लागले. भोरेसाहेबांनी ऑर्गनच्या मागच्या फळक्याच्या जाळीतून डांबराच्या गोळ्या आत टाकल्या होत्या, त्याही सढळ हातानं.

"साहेब, हे काय केलासा?"

"आमच्या घरी ट्रंकेत हेच टाकतात. वास मरतो."

"वास मरतोय न मरतोय, बाई मरतील. दम्याच्या माणसाला ही गोळी म्हणजे इख हाय."

भोरेसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी हे बाईंसाठीच केलं होतं, हे मला दिसत होतं. मागच्या रविवारी बाईंना उचलून बाहेर वाऱ्यावर नेणारे तेच होते. आम्ही दोघांनी मिळून एकेक गोळी वेचून काढली, पंखे लावले, दारं सताड उघडली. बाई पायरीपर्यंत येऊन नाकाला पदर लावून परत गेल्या.  ते मला फार लागलं.

शुक्रवारी सकाळी मी हात टेकले होते. बाईंना काय सांगायचं याचे शब्द जुळवत पायपट्ट्यांसमोर फरशीवर आडवा पडलो होतो. आदल्या दिवशी स्पिरिटला हात लावला नव्हता, त्यामुळं नाक जरा मोकळं होतं. आणि मग तो वास मला आला. उग्र, कस्तुरीसारखा. आमच्या जुन्या घराच्या मोरीत रोज रात्री यायचा तोच. पाठोपाठ पेटीच्या आतून बारीक आवाज आला, चिक्‌ चिक्‌ चिक्‌. एकाचा नव्हे, अनेकांचा.

मी बॅटरी त्या गोल भोकाशी लावली.

आत चिचुंद्री होती. लांब तोंड, खसखशीएवढे डोळे. तिच्या खाली माझीच तांबडी बनात. मी कोपऱ्यात टाकलेल्या पट्ट्या तिनं ओढून आत नेल्या होत्या, त्यात नारळाच्या शेंड्या विणल्या होत्या आणि झकास घरटं केलं होतं. त्या तांबड्या बनातीत करड्या रंगाची पिल्लं एकमेकांत शिरून वळवळत होती. मी पंधरवडाभर पुसून, वाळवून, नवं करून ठेवलेल्या ऑर्गनच्या पोटात.

नारळाच्या शेंड्या बघून उलगडा झाला. ऑर्गन आला त्याच सुमाराला सुगीचा रविवार होऊन गेला होता. त्या दिवशी चर्चमध्ये प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परड्यातलं पहिलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतं. जोंधळा, भुईमुगाच्या शेंगा, नारळ, भोपळे. लिलाव होईपर्यंत ते सगळं ऑर्गनच्या मागंच रचून ठेवलेलं असायचं. धान्यामागं किडे आले, किड्यांमागं ही आली, आणि पोटुशी असणार म्हणून बाळंतपणाची जागा बघून राहिली.

खिडक्या उघडणाऱ्या भोरेसाहेबांना मी हाक मारली. ते वाकून बघून लगेच सरळ झाले. "माझ्याकडे औषध आहे. कणकेत घालून ठेवू. उद्यापर्यंत निकाल."

"आत मेली तर काढायची कशी? हात जात न्हाई. मग तो वास माझ्या बापाच्यानंबी जायचा न्हाई."

"मग पेटी फोड."

"भुश्याची फळी हाय, साहेब. ओलीनं आधीच फुगलीया. पटाशी लावली की स्पीकरसकट खाली येईल. ऑर्गन संपला."

"पिल्लं मोठी होऊन आपोआप जातील तेव्हा?"

"तवर बाई कुठं बसणार?"

 भोरेसाहेब कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेऊन आले आणि तो धरून तसेच उभे राहिले. काय करायचं ते त्यांनाही कळत नव्हतं.

"काय आहे आत?" दारातून आवाज आला. बाई आल्या होत्या. आज पदर नाकाला नव्हता.

मी सांगितलं. मला वाटलं, शिसारी येऊन मागं सरतील. त्या बाकाचा आधार घेत पुढं आल्या आणि म्हणाल्या, "पिल्लं आहेत?"

"हायती."

"डोळे उघडलेत?"

"न्हाई दिसत उघडलेले. पण केस आल्यात अंगावर."

"मग नेईल ती. घाबरली तर पळून जाईल, पण नुसती अडचण वाटली तर पिल्लं घेऊन जागा बदलेल. माझ्या स्वयंपाकघरातल्या सरपणात एकदा होती." बाई बाकावर टेकल्या. "खर्जाचा आवाज त्याच पेटीतून येतो ना?"

"व्हय. त्याच स्पीकरातनं."

"तारा जोड."

"बाई, वास लई हाय. तुम्हाला सोसायचं न्हाई. मी पाय ठेवतो पट्टीवर."

"तू ठेवशील आणि दणकन वाजेल. तुझा पाय मला ठाऊक आहे. जोड तारा."

पुसण्यासाठी काढून ठेवलेल्या तारा मी परत जोडल्या. भोरेसाहेब म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय..." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते गप्प झाले. तेही कधीकाळी पहिलीला बाईंच्याच वर्गात होते.

बाईंनी पंप ओढून घेतला. पदराचं टोक दातांत धरलं. आवाजाचं पेडल पार मागं घेतलं आणि डावा पाय सगळ्यांत खालच्या पट्टीवर ठेवला. काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, माझंच काही जोडायचं राहिलं. मग फरशीवर टेकवलेल्या माझ्या तळहाताला कळलं की सूर सुरू झालाय. कानाला अजून नव्हता.

हळूहळू तो कानाला आला. दूर रस्त्यानं ट्रक जावा इतपत. बाईंचा उजवा पाय पेडलवर हलताना दिसतसुद्धा नव्हता, पण आवाज वाढत होता. आतली चिक्‌चिक्‌ थांबली. बाईंनी तिथंच आवाज धरला. वाढवला नाही, कमी केला नाही. मग पुन्हा केसभर वाढवला.

वास एकदम उसळला. बिथरल्यावर ती तो सोडतेच. मला बाजूला तोंड करावं लागलं. बाईंचे डोळे पाण्यानं भरले, गळ्याची शीर उठली, खांदे एकदा हलले. मला कळलं, खोकला आलाय. आता तो फुटला की पाय दचकणार, सूर दणकन उसळणार, आणि चिचुंद्री पिल्लं टाकून पळणार. मग पिल्लं आत तशीच मरणार, आणि ऑर्गनही गेला, बाईही गेल्या.  बाईंनी पदर दातांत करकचून आवळला. सूर हलला नाही.

भोकातून लांब तोंड बाहेर आलं. इकडं तिकडं हुंगलं आणि आत गेलं. बाईंनी सूर धरून ठेवला.

पुन्हा तोंड आलं. मग अर्धं अंग. मग ती पूर्ण बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग जे आलं ते बघून मी श्वास घ्यायचा विसरलो.

तिच्या शेपटीच्या मुळाशी एका पिल्लानं तोंडानं धरलं होतं. त्या पिल्लाला मागून दुसऱ्यानं. दुसऱ्याला तिसऱ्यानं. एकामागून एक पिल्लू भोकातून बाहेर येत होतं आणि साखळी काही संपत नव्हती. सगळी एका तालात चालत होती, आई वळली की सगळी रांग वळत होती. डोळे न उघडलेली ती पोरं, पुढच्याला घट्ट धरून, चर्चच्या फरशीवरून निघाली होती.

मी आजवर पुष्कळ वाद्यं उघडली आहेत. आत झुरळं बघितली, उंदराची घरटी बघितली, एकदा सापाची कात निघाली. पण असं काही बघितलेलं नव्हतं. मी मान वळवून बाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. ते दम्याचं होतं की आणखी कशाचं, मला सांगता येणार नाही.

रांग पहिल्या बाकाच्या पुढून गेली. खिडकीतल्या उन्हाच्या चौकोनातून गेली, तेव्हा त्यांची करडी लव चमकली. दाराकडे निम्मी वाट झाली असेल, आणि शेवटच्या पिल्लाची पकड सुटली.

ते सगळ्यांत लहान होतं. सुटल्यावर ते जागच्या जागी गरगर फिरायला लागलं आणि चिक्‌चिक्‌ करायला लागलं. आई थांबली. तिच्यामागं सगळी रांग थांबली. मी हात पुढं केला, तसा बाईंनी मानेनं नको म्हटलं. मग त्यांच्या उजव्या पायानं खर्ज हळूहळू मागं घेतला. इतका मागं, की तो पुन्हा फक्त माझ्या तळहातालाच कळत होता. त्या शांततेत पिल्लाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. आई रांगेसकट वळली, अर्धा वळसा घालून आली, आणि रांगेचं शेपूट अगदी पिल्लाच्या तोंडाशी आलं.

बाईंनी दातांतला पदर सोडला. "धर," त्या पुटपुटल्या. "शर्ट सोडू नको."

पिल्लानं धरलं.

 त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. पण त्या शब्दांनी मी एकदम रस्त्याच्या मधोमध होतो, रांगेच्या शेवटी, आणि समोर उसाचा ट्रक थांबलेला होता.

रांग दाराशी पोचली. मघाशीच दाराकडे सरकलेले भोरेसाहेब तिथं अनवाणी उभे होते, हातात तो दांडा. चिचुंद्री त्यांच्या पायाच्या अंगठ्याशी येऊन थांबली, हुंगली. भोरेसाहेबांनी हात हलवला नाही, पाय हलवला नाही. मग त्यांनी उजवा पाय टाच न उचलता हळूच बाजूला सरकवला. तेवढ्या फटीतून आई उंबऱ्यापाशी गेली, आणि मागून सगळी पोरं एकेक करून उंबरा चढली, उतरली. बाहेर कंपाउंडच्या भिंतीशी दगडांचा ढीग होता. त्यात ती सगळी दिसेनाशी झाली.

भोरेसाहेबांनी दांडा भिंतीला टेकवून ठेवला. "गेली," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच नोटिशीसारखा नव्हता.

बाईंनी पाय उचलला, आणि मग इतका वेळ दाबून ठेवलेला सगळा खोकला बाहेर आला. आम्ही दोघांनी त्यांना धरून बाहेर पायरीवर नेलं. पंप झाला, पाणी झालं. मला वाटलं, आता दवाखाना. बऱ्याच वेळानं धाप कमी झाली, तेव्हा त्या दगडांच्या ढिगाकडे बघत होत्या.

"एवढा वेळ कसा दाबलासा, बाई?"

"दाबला सुरुवातीला. त्यानंतर ती बाहेर आली, मग कसला खोकला? मला आठवणच नव्हती, दस्तगीर, मला दमा आहे म्हणून." आणि त्या हसल्या.

घरटं मी चिमट्यानं ओढून काढलं. तारेला फडकं गुंडाळून पेटी आतून पुसली, दोन दिवस उन्हाची तिरीप आत जाईल असा ऑर्गन फिरवून ठेवला, कोळसा घातला, भोकाला बारीक जाळी मारली. शनिवारी संध्याकाळी मी नाक लावलं नाही. बाईंना लावायला सांगितलं. त्यांनी बराच वेळ घेतला.

"लाकडाचा येतोय," त्या म्हणाल्या. "नुसत्या लाकडाचा."

मिरजेच्या मुलाला भोरेसाहेबांनी परस्परच येऊ नको म्हणून निरोप दिला होता. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला त्या मुलाकडूनच पुढं कळलं.

त्यानंतर कितीतरी वाद्यं माझ्या हाताखालून गेली. बाईही गेल्या. अजून मी कुठल्याही जुन्या वाद्याचं फळकं उघडण्याआधी त्यावर बोटानं हळूच ठोकतो आणि थोडा थांबतो. गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मी म्हणतो, रीत आहे.

चिचुंद्री गेली त्यानंतरच्या त्या रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो. बाईंनी सगळी गीतं वाजवली, एकदाही पदर तोंडाशी गेला नाही. शेवटच्या गीतानंतर आमेन झालं, लोक उठायच्या तयारीत होते, पण बाईंचा पाय खालच्या पट्टीवरून उठला नाही. खर्ज तसाच चालू राहिला, अगदी बारीक, फरशीतून कळावा इतपत. कुणाला काही समजेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

पहिल्या बाकावर भोरेसाहेब बसले होते. त्यांनी खाली फरशीकडे बघितलं आणि दोन्ही पाय अलगद बाजूला घेतले.